योजनांच्या अर्जासाठी कागदपत्रे मोबाइलमध्ये कशी जपावीत: डिजिलॉकर, क्लाउड, पेनड्राइव्ह आणि न उघडणाऱ्या फाइल

थोडक्यात

- डिजिलॉकरमध्ये दोन प्रकारची कागदपत्रे असतात: सरकारी खात्याने दिलेली आणि तुम्ही स्वतः चढवलेली. दोन्हींची किंमत सारखी नाही.
- सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक सुरू असताना एका ठिकाणी फाइल पुसली, तर ती सगळीकडून पुसली जाते.
- अर्ज अपलोड होत नसेल तर बहुतेक वेळा कारण चारपैकी एक असते: फाइलचा प्रकार, आकार, नाव किंवा पासवर्ड.
- पेनड्राइव्ह लावल्यावर संगणकाने ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारले, तर ‘होय’ दाबू नका.
- मूळ कागद फेकू नका. मोबाइलमधील प्रत सोयीसाठी असते.

हा लेख कोणासाठी आहे

हा लेख योजनांसाठी स्वतः अर्ज करणाऱ्या किंवा सेवा केंद्रावर जाऊन अर्ज भरून घेणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. उदाहरणे बेंगळुरूच्या जयनगर परिसरातील घेतली आहेत. त्याचे कारण असे की, कामासाठी महाराष्ट्रातून किंवा सीमाभागातून येथे आलेल्या अनेक कुटुंबांची कागदपत्रे दोन राज्यांत विभागलेली असतात. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधार कार्डावर गावाकडचा पत्ता, बँकेचे पासबुक इथले. सातबारा गावी भावाकडे आणि दहावीची गुणपत्रिका ट्रंकेत. अशा वेळी सर्व कागदपत्रे एका जागी, उघडता येतील अशा स्थितीत ठेवणे हे अर्जातील पहिले काम ठरते.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी फाइल उघडली नाही, म्हणून पात्र असूनही लाभ हुकतो. कोणती फाइल कुठे ठेवावी आणि ती का चालत नाही, हे आधी समजून घेतले तर ही वेळ टाळता येते.

क्लाउड म्हणजे काय, सिंक म्हणजे काय

क्लाउड म्हणजे तुमची फाइल तुमच्या मोबाइलमध्ये न राहता इंटरनेटवरून दुसऱ्या संस्थेच्या मोठ्या संगणकावर राहणे. बँकेच्या लॉकरसारखेच हे आहे. वस्तू तुमची, जागा दुसऱ्याची आणि किल्ली तुमच्याकडे. ही किल्ली म्हणजे तुमचा मोबाइल क्रमांक, पासवर्ड, पिन आणि ओटीपी.

सिंक म्हणजे एकच फाइल मोबाइल, संगणक आणि क्लाउड या सर्व ठिकाणी सारखी ठेवणे. मोबाइलमध्ये फाइल बदलली की क्लाउडमध्ये बदलते, क्लाउडमध्ये बदलली की संगणकावर बदलते.

नेहमी वापरात असलेल्या सेवा अशा आहेत:

- डिजिलॉकर: केंद्र सरकारची सेवा. १ जुलै २०१५ रोजी डिजिटल इंडिया कार्यक्रमात तिचे अधिकृत उद्घाटन झाले. प्रत्येक खात्याला स्वतःच्या फाइल ठेवण्यासाठी १ जीबी जागा मोफत मिळते. एक फाइल जास्तीत जास्त १० एमबीची चालते.
- गूगल ड्राइव्ह: १५ जीबी जागा मोफत. मात्र ही जागा जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज या तिन्हींमध्ये मिळून असते.
- वनड्राइव्ह: मायक्रोसॉफ्टची सेवा, ५ जीबी मोफत. विंडोज संगणकात ती आधीपासून असते.
- आयक्लाउड: ॲपलच्या फोनसाठी, ५ जीबी मोफत.

एका दाखल्याची फाइल साधारण ३०० केबीची धरली, तर डिजिलॉकरच्या १ जीबीमध्ये असे तीन हजारांहून अधिक दाखले मावतात. त्यामुळे कुटुंबाच्या कागदपत्रांसाठी जागा विकत घेण्याची गरज नसते.

डिजिलॉकरमधील दोन कप्पे

डिजिलॉकर उघडल्यावर दोन वेगळे भाग दिसतात. बहुतेक गोंधळ यांतील फरक न कळल्याने होतो.

*पहिला कप्पा: जारी केलेली कागदपत्रे*

ही कागदपत्रे संबंधित खात्याच्या नोंदीतून थेट येतात. आधार, पॅन, वाहन चालवण्याचा परवाना, परीक्षा मंडळाची गुणपत्रिका, अनेक राज्यांचे उत्पन्नाचे व जातीचे दाखले यांचा त्यात समावेश होतो. डिजिटल लॉकरविषयीच्या २०१६ च्या नियमांत २०१७ मध्ये ‘९अ’ हा नियम जोडण्यात आला. त्यानुसार डिजिलॉकरमार्फत जारी झालेले कागदपत्र मूळ कागदपत्राच्या बरोबरीचे मानले जाते.

या कप्प्यातील कागदपत्र चुकून काढून टाकले तरी घाबरू नका. ते खात्याच्या नोंदीत असतेच. पुन्हा मागवता येते.

*दुसरा कप्पा: तुम्ही चढवलेली कागदपत्रे*

येथे तुम्ही स्वतः फोटो किंवा स्कॅन करून ठेवलेल्या फाइल असतात. गावच्या शाळेने हाताने लिहून दिलेला दाखला, जुने पासबुक, भाडेकरार वगैरे. या फाइलला मूळ कागदपत्राचा दर्जा मिळत नाही. डिजिलॉकरमध्ये ठेवली म्हणून झेरॉक्स ही मूळ प्रत होत नाही. ती फक्त सुरक्षित ठेवलेली झेरॉक्स असते. पडताळणीच्या वेळी अशा कागदाची मूळ प्रत न्यावी लागते.

*कागदपत्र मिळत नसेल तर*

डिजिलॉकर कागदपत्र शोधताना आधारवरील नाव आणि जन्मतारीख दाखल्यावरील नोंदीशी ताडून पाहतो. आधारवर वडिलांचे नाव मधे असेल आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी असेल, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखाद्या अक्षराचा फरक असेल, तर नोंद असूनही ‘सापडले नाही’ असा संदेश येऊ शकतो. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना असा फरक अनेकदा पडतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यापेक्षा कोणत्या कागदावरचे नाव दुरुस्त करायचे ते ठरवून त्या खात्याकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. शक्यतो आधारवरील नाव प्रमाण धरून बाकीची कागदपत्रे त्याला जुळवून घ्यावीत.

जुन्या वर्षांच्या सर्व गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळतीलच असे नाही. त्यासाठी स्कॅन करून दुसऱ्या कप्प्यात ठेवणे हाच मार्ग.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

सर्वांत जास्त नुकसान येथे होते. फोन भरला म्हणून एखादी व्यक्ती फोटो पुसते. तिला वाटते, क्लाउडमध्ये आहेतच. पण सिंक सुरू असल्यामुळे क्लाउडमधूनही ते जातात.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी:

1. गूगल फोटोज ॲपमधून फोटो पुसला, तर तो फोन आणि क्लाउड दोन्हींमधून जातो. फक्त फोनमधील जागा रिकामी करायची असेल, तर त्याच ॲपमध्ये ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे. तो फक्त क्लाउडमध्ये पोहोचलेल्या फोटोंची फोनमधील प्रत काढतो.
2. पुसलेली फाइल काही दिवस कचरापेटीत राहते. गूगल ड्राइव्हमध्ये ३० दिवस, तर गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस. त्या मुदतीत परत आणता येतात, नंतर नाही.
3. १५ जीबी जागा भरली की नवीन फाइल चढणे थांबते. फोनमध्ये फोटो दिसत राहतो, पण क्लाउडमध्ये पोहोचलेला नसतो. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा आता याच जागेत मोजला जातो. सणावारांच्या शुभेच्छांच्या व्हिडिओंनी जागा भरते आणि दाखला चढत नाही.
4. गूगलचे खाते दोन वर्षे अजिबात वापरले नाही, तर ते खाते आणि त्यातील फाइल काढून टाकल्या जाऊ शकतात. मुलाने गावी जाण्यापूर्वी उघडून दिलेले खाते अधूनमधून उघडत राहा.

सोपा नियम असा: महत्त्वाच्या प्रत्येक कागदाच्या तीन प्रती असाव्यात. एक मूळ कागद, एक क्लाउडमध्ये आणि एक घरच्या पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर. यांतील पेनड्राइव्ह सिंकला जोडलेला नसतो, म्हणून क्लाउडमधून पुसले गेले तरी तो वाचतो.

अर्ज भरताना फाइल का स्वीकारली जात नाही

*१. फाइलचा प्रकार*

बहुतेक सरकारी पोर्टल पीडीएफ, जेपीजी आणि पीएनजी हे प्रकार स्वीकारतात. पुढील प्रकार बहुधा नाकारले जातात:

- एचईआयसी: ॲपलच्या फोनमध्ये २०१७ नंतर कॅमेऱ्याचे फोटो या प्रकारात साठवले जातात. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स येथे जाऊन ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडले की पुढचे फोटो जेपीजी प्रकारात येतात.
- वर्ड फाइल: भाडेकरार किंवा प्रतिज्ञापत्र वर्डमध्ये टाइप केले असेल, तर ते पीडीएफ करून घ्या. वर्ड फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यास ओळी आणि फॉन्ट हलतात.
- गूगल डॉक्सची फाइल: गूगल ड्राइव्हमध्ये दिसणारा गूगल डॉक्सचा मजकूर पेनड्राइव्हवर ओढला, तर मजकूर जात नाही. फक्त इंटरनेटवरील पत्ता जातो. इंटरनेट नसलेल्या संगणकावर ती फाइल रिकामी ठरते. आधी ‘डाउनलोड’ मधून पीडीएफ निवडा, मग कॉपी करा.

फाइलच्या नावाच्या शेवटची अक्षरे हाताने बदलून प्रकार बदलत नाही. एचईआयसीच्या जागी जेपीजी लिहिले, तरी आतील फाइल तीच राहते आणि पोर्टल ती नाकारते.

*२. फाइलचा आकार*

प्रत्येक रकान्याजवळ कमाल आकार लिहिलेला असतो. तो केबीमध्ये आहे की एमबीमध्ये, हे नीट पाहा. १ एमबी म्हणजे १,०२४ केबी. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेला एक फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो, म्हणून २०० केबीच्या रकान्यात तो बसत नाही.

आकार कमी करण्याचे चांगले मार्ग:

- फोटो काढण्याऐवजी मोबाइलमधील स्कॅनचा पर्याय वापरा. गूगल ड्राइव्हच्या अँड्रॉइड ॲपमध्ये अधिकच्या चिन्हाखाली स्कॅन असते. त्यातून थेट पीडीएफ तयार होते आणि बाजूची जागा कापली जाते.
- कागद सपाट ठेवा, दिवसाच्या उजेडात स्कॅन करा, सावली पडू देऊ नका. सावली असलेली फाइल मोठीही होते आणि वाचताही येत नाही.
- व्हॉट्सॲपवर फाइल पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ‘फोटो’ म्हणून पाठवली, तर व्हॉट्सॲप ती दाबून लहान करते आणि शिक्क्यावरील अक्षरे पुसट होतात.

इंटरनेटवर ‘पीडीएफ लहान करून मिळेल’ अशी अनेक संकेतस्थळे आहेत. आधार, पासबुक किंवा जातीचा दाखला अनोळखी संकेतस्थळावर चढवू नका.

*३. डिजिटल स्वाक्षरी असलेली पीडीएफ*

ई-आधार, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, ऑनलाइन मिळालेला उत्पन्नाचा दाखला यांवर डिजिटल स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी फाइलच्या आत असते. अशा फाइलचा फोटो काढला, स्क्रीनशॉट घेतला, प्रिंट काढून पुन्हा स्कॅन केली किंवा तिचा आकार दाबून कमी केला, तर स्वाक्षरी नष्ट होते. उरते ते फक्त चित्र.

म्हणून डाउनलोड केलेली मूळ पीडीएफ जशीच्या तशी जपून ठेवा. पोर्टलला लहान फाइल हवी असेल, तर वेगळी प्रत करून ती लहान करा.

काही संगणकांवर स्वाक्षरीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. याचा अर्थ दाखला खोटा आहे असा नाही. त्या संगणकाने स्वाक्षरी अजून तपासलेली नाही, एवढाच अर्थ आहे. पीडीएफ वाचण्याच्या प्रोग्रॅममध्ये स्वाक्षरी पडताळण्याचा पर्याय वापरल्यावर हिरवी खूण येते.

*४. पासवर्ड असलेली पीडीएफ*

डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत आणि त्यापुढे जन्मवर्ष. ही फाइल थेट अर्जाला जोडली, तर ती चढते, पण तपासणाऱ्या अधिकाऱ्याला उघडत नाही आणि अर्ज परत येतो. अर्जासाठी डिजिलॉकरमधील आधार वापरणे अधिक सोयीचे. पूर्ण आधार क्रमांक मागितला नसेल, तेथे फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्या.

फाइलचे नाव कसे द्यावे

मोबाइल आणि आजचे संगणक देवनागरी नावे स्वीकारतात. तरीही अर्जाला जोडायच्या फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत ठेवणे सोयीचे ठरते. त्याची कारणे अशी:

- बरीच पोर्टल नावात फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि खालची रेघ एवढेच स्वीकारतात. देवनागरी नाव आले की ‘अवैध फाइल’ असा संदेश येतो.
- संगणकाच्या आत एक देवनागरी चिन्ह साधारण तीन इंग्रजी अक्षरांएवढी जागा घेते. अँड्रॉइड आणि लिनक्सच्या साठवणीत नावाची मर्यादा २५५ बाइटची असते. म्हणजे देवनागरीत, काना-मात्रा धरून, सुमारे ८५ चिन्हे. लांब नाव विंडोजवर चालते आणि मोबाइलवर कॉपी होताना अडते.
- ‘शेतकऱ्याचा’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप करता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, पण संगणकाला नावे दोन वाटतात. मग शोधताना फाइल सापडत नाही.

नावात पुढील चिन्हे वापरू नका: / \ : * ? " < > |. विंडोज संगणक आणि वनड्राइव्ह ही चिन्हे स्वीकारत नाहीत. तारीख लिहिताना आपण सहज तिरकी रेघ वापरतो. त्याऐवजी आडवी रेघ वापरा.

विंडोजमध्ये मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरे एकच मानली जातात. लिनक्स संगणकावर ती वेगळी असतात. म्हणून फक्त अक्षराच्या आकाराने वेगळी असलेली दोन नावे एकाच फोल्डरमध्ये देऊ नका. कॉपी करताना एक फाइल दुसरीवर लिहिली जाऊ शकते.

गूगल ड्राइव्हमध्ये एकाच नावाच्या दोन फाइल राहू शकतात. ‘आधार’ नावाच्या चार फाइल असल्या की कोणती कोणाची ते कळत नाही आणि सासूच्या अर्जाला सुनेचे आधार जोडले जाते. यासाठी नाव, कागद, वर्ष असा क्रम इंग्रजी अक्षरांत पाळा. उदाहरणार्थ, आईचे नाव, खालची रेघ, उत्पन्न, खालची रेघ, २०२५. फोल्डर व्यक्तीप्रमाणे करा, योजनेप्रमाणे नको. एकच आधार पाच योजनांना लागतो.

जुन्या मराठी फॉन्टचा प्रश्न

काही वर्षांपूर्वीचे अर्ज, ग्रामपंचायतीचे दाखले किंवा संस्थेची पत्रे श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. बेंगळुरूतील संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर मराठीऐवजी अर्थहीन इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. फाइल खराब झालेली नसते. ज्या संगणकावर ती नीट दिसते तेथूनच पीडीएफ करून मागवा. पीडीएफ करताना अक्षरांचे आकार सोबत येतात. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोडच असते.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड: फाइल सिस्टीम म्हणजे काय

पेनड्राइव्हवर फाइल कशा मांडायच्या याची एक पद्धत ठरलेली असते. तिला फाइल सिस्टीम म्हणतात. एकाच कपाटात कोणी कपडे घडी करून ठेवतो, कोणी हँगरला लावतो, तसेच हे आहे. संगणकाला ती पद्धत माहीत नसेल, तर पेनड्राइव्ह चांगला असूनही तो वाचता येत नाही.

- फॅट३२: जुनी आणि सर्वत्र चालणारी. झेरॉक्सच्या दुकानातील यंत्रे, जुने संगणक, फोन सर्वांना समजते. एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, पण दाखल्यांसाठी ती अडचण नाही.
- एक्सफॅट: मोठ्या मेमरी कार्डांवर असते. नवीन संगणक व फोनवर चालते, काही जुन्या यंत्रांवर चालत नाही.
- एनटीएफएस: विंडोज संगणकाची पद्धत. अनेक फोनना ती वाचता येत नाही. ॲपलच्या संगणकावर वाचता येते, पण त्यावर लिहिता येत नाही.
- एक्स्ट४: लिनक्सची पद्धत. विंडोजवर वेगळ्या प्रोग्रॅमशिवाय दिसत नाही.

कागदपत्रांच्या पेनड्राइव्हसाठी फॅट३२ ठेवा.

महत्त्वाची सूचना: विंडोजला पेनड्राइव्हची पद्धत समजली नाही, की ‘हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. फॉरमॅट म्हणजे आतील सर्व काही पुसणे. सेवा केंद्रातील कर्मचारी घाईत असतो. त्याला आधीच सांगा की फॉरमॅट करू नये. पेनड्राइव्ह काढून घ्या आणि ज्या संगणकावर फाइल ठेवली होती, तेथे तो उघडून पाहा.

मेमरी कार्ड फोनमध्ये टाकताना ‘फोनची अंतर्गत साठवण म्हणून वापरा’ हा पर्याय निवडू नका. तसे केल्यास कार्ड त्या एकाच फोनशी बांधले जाते. फोन बिघडला तर कार्ड दुसरीकडे वाचता येत नाही.

जयनगरमधील एक उदाहरण

समजा, जयनगरमध्ये घरकाम करणाऱ्या एका महिलेचे माहेर सोलापूर जिल्ह्यातील आहे. लग्नानंतर ती बेंगळुरूला आली. तिचे नाव कर्नाटकातील रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून आहे. गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा २,००० रुपये मिळतात. नोंदणी बेंगळुरू वन, कर्नाटक वन आणि ग्राम वन केंद्रांवर होते. तिच्या मुलीला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखलाही हवा आहे.

ती पुढीलप्रमाणे तयारी करू शकते:

1. स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर डिजिलॉकर खाते उघडून सहा अंकी पिन ठरवते. पिन मुलीला माहीत असतो, केंद्रातील कोणालाही नाही.
2. आधार आणि मिळत असल्यास रेशन कार्ड पहिल्या कप्प्यात मागवते.
3. पासबुकाचे पहिले पान मोबाइलवर स्कॅन करून दुसऱ्या कप्प्यात ठेवते. खाते क्रमांक आणि आयएफएससी वाचता येतो का, हे मोठे करून पाहते.
4. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी नाडकचेरीत अर्ज करते. दाखल्यावर ‘आरडी’ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. तो क्रमांक ती वहीत लिहून ठेवते. कारण अनेक अर्जांत फाइल न जोडता हा क्रमांक टाकला की पडताळणी होते.
5. गावच्या शाळेचा मराठी दाखला लागणार असेल, तर भावाला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगते. कर्नाटकातील कार्यालयाने भाषांतर मागितले, तर मूळ मराठी आणि भाषांतर दोन्ही एकाच पीडीएफमध्ये, याच क्रमाने जोडते.
6. सर्व फाइल फॅट३२ पेनड्राइव्हवर कॉपी करते आणि घरी परत उघडून पाहते.

यांतील सहावी पायरी लोक गाळतात. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये काही फाइलवर ढगाचे चिन्ह असते. ती फाइल संगणकावर नसून फक्त क्लाउडमध्ये असते. इंटरनेट नसताना ती कॉपी होत नाही किंवा अर्धवट होते. पेनड्राइव्ह घरी उघडून पाहिला, तर हे रांगेत उभे राहण्यापूर्वीच कळते.

सेवा केंद्र किंवा सायबर कॅफेवर जाताना

- स्वतःचे गूगल खाते दुसऱ्याच्या संगणकावर उघडणे टाळा. फाइल पेनड्राइव्हवरून द्या.
- खाते उघडावेच लागले, तर काम झाल्यावर लॉगआउट करा. संगणकाने पासवर्ड लक्षात ठेवायचा का, असे विचारल्यास ‘नाही’ निवडा.
- त्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरमधून आणि कचरापेटीतून तुमच्या फाइल पुसायला सांगा.
- ओटीपी स्वतः वाचून कोणत्या कामाचा आहे ते पाहा, मगच सांगा.
- पेनड्राइव्हवर नंतर अनोळखी फाइल दिसल्या तर त्या उघडू नका. कॅफेतील संगणकांतून विषाणू येतात.
- पोचपावती पीडीएफ स्वरूपात घ्या आणि अर्ज क्रमांक कागदावरही लिहून ठेवा.

मोबाइल क्रमांक बदलला असेल तर

गावाकडचे सिम बंद करून इथले घेतले की डिजिलॉकर, बँक आणि आधारचे ओटीपी जुन्या क्रमांकावर जात राहतात. काही काळ बंद राहिलेला क्रमांक कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. म्हणजे तुमचे ओटीपी परक्याच्या हातात पडू शकतात. म्हणून जुने सिम बंद करण्यापूर्वी हा क्रम पाळा: आधी आधारमधील क्रमांक आधार केंद्रावर बदला, मग बँकेत, मग डिजिलॉकर आणि गूगल खात्यात.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*फोन हरवला तर डिजिलॉकरमधील कागदपत्रे जातात का?*
नाही. ती फोनमध्ये नसतात. त्याच क्रमांकाचे सिम पुन्हा घेऊन नवीन फोनवर लॉगइन केले की सर्व दिसते. मात्र फोन हरवताच सिम बंद करायला सांगा.

*डिजिलॉकर वापरायला स्मार्टफोन हवाच का?*
नाही. संगणकावरूनही खाते वापरता येते. ओटीपी येण्यासाठी साधा फोन चालतो.

*एकाच मोबाइलवर पूर्ण कुटुंबाचे कागद ठेवावेत का?*
स्कॅन केलेल्या प्रती ठेवता येतील. पण जारी केलेली कागदपत्रे ज्याच्या त्याच्या खात्यात मिळतात. प्रौढ व्यक्तीचे खाते वेगळे असावे.

*डिजिलॉकरमधील दाखला दाखवल्यावर कार्यालयाने मूळ प्रत मागितली तर?*
तो पहिल्या कप्प्यातील असेल, तर नियम ९अ चा उल्लेख करून विनंती करा. दुसऱ्या कप्प्यातील असेल, तर मूळ प्रत दाखवावी लागेल.

*‘तुमचे डिजिलॉकर बंद होणार आहे, लिंकवर आधार टाका’ असा संदेश आला आहे.*
लिंक उघडू नका. ॲप स्वतः उघडून खाते तपासा. पैसे गेले असतील, तर त्वरित १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

अर्ज पाठवण्यापूर्वी तपासा

- प्रत्येक फाइल उघडते का, पासवर्ड विचारते का?
- प्रकार आणि आकार रकान्याप्रमाणे आहे का?
- नावात देवनागरी अक्षरे किंवा वर्ज्य चिन्हे नाहीत ना?
- फाइल ज्याच्या अर्जाला जोडली आहे त्याचीच आहे का?
- शिक्का, सही, क्रमांक आणि तारीख वाचता येते का?
- मूळ पीडीएफ न दाबता वेगळी ठेवली आहे का?
- पेनड्राइव्हवर प्रत घेतली आहे का?

ही तपासणी मुदतीच्या शेवटच्या दिवशी न करता किमान आठवडाभर आधी करा. नावातील चूक किंवा जुना मोबाइल क्रमांक निघाला, तर दुरुस्तीला वेळ मिळतो.